जांघेतले दुखणे कोणाला सांगायचे?

२०२४ च्या सहा डिसेंबरला आमचे मामा घरी बसले. वसाहतीत ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नसेल, पण मला ती खटकली. चैत्यभूमीवर येणाऱ्या माणसांना पाणी वाटण्याच्या कामात मामा चाळीसएक वर्षे आहेत. संपानंतर मिलने परत घेतले नाही आणि वॉचमनकी धरावी लागली, तेव्हाही रात्रपाळी करून ते दादरला यायचे. २०२२ साली कॅन्सरची लाईट घेऊन आठ-नऊ महिने झाले होते. त्या वर्षीसुद्धा खुर्चीवर बसून का होईना, पण मामा मंडपात होते. आणि या वेळी मात्र, "जरा कणकण आहे, तुम्ही व्हा पुढं," म्हणून त्यांनी आम्हाला वाटेला लावले.

रात्री परत आलो तेव्हा मामी दारातच उभी होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, ह्यांना कणकण-बिणकण काही नाही. चार महिने झाले, रात्री कूस बदलताना कण्हतात. विचारलं की भिंतीकडं तोंड करून झोपतात. विहारात वंदनेला गेले तरी मांडी घालून बसत नाहीत, मागं भिंतीला टेकून उभे राहतात. तू तरी विचार."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला अर्धी रजा टाकली आणि मामांना घेऊन गच्चीवर बसलो. कुठे दुखते, हे विचारले तर बराच वेळ उत्तर नाही. मग त्यांनी हात कमरेवर ठेवला, तेथून मागे कुल्ल्यावर नेला, आणि शेवटी नजर दुसरीकडे करून जांघेवर ठेवला. "हितनं कळ निघती ती मांडीत उतरती. आता हे सुनंसमोर सांगायचं का? आणि डॉक्टरकडं गेलं तर समोर पोरगी बसलेली असती." पुढे जे बोलले ते अधिक महत्त्वाचे आहे. "खरं सांगू? तो परत आलाय. मला कळतंय ना. जूनला नातीची कॉलेजची फी भरायची आहे. परत स्कॅन, परत लाईट, परत पतपेढीचं कर्ज. नको मला ते."

म्हणजे दोन गोष्टींनी या माणसाचे तोंड बंद केले होते. एक लाज, आणि दुसरे म्हणजे निदान आपणच करून टाकणे. मामांच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. नाव घालायचे नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. जांघेचे मात्र लिही म्हणाले.

लाईट म्हणजे काय, आणि ती कुठे कुठे पोचते

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी, आणि लघवीची नळी तिच्यातून जाते. वयानुसार ती बहुतेकांची वाढते. वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. मामांना २०२१ च्या अखेरीस लघवी अडू लागली. रक्तातील पीएसए वाढलेले निघाले, सुईने तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर असल्याचे नक्की झाले. रोग त्या भागाबाहेर गेलेला नव्हता, पण जोराचा होता. म्हणून डॉक्टरांनी किरणोपचार आणि सोबत दोन वर्षे दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन असा बेत ठरवला.

किरणोपचाराला आपल्याकडे कोणी लाईट म्हणतात, कोणी शेक. शेक हा शब्द फसवा आहे, कारण घेताना काही गरम लागत नाही, दुखतही नाही. आठवड्यातून पाच दिवस मशीनखाली काही मिनिटे निपचित पडायचे, एवढेच. पूर्वी प्रोस्टेटसाठी सात-आठ आठवडे रोज जावे लागे. २०१६ साली ब्रिटनमधील तीन हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि वीस वेळा थोडी जास्त मात्रा दिली तरी गुण तितकाच येतो, असे दिसले. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला याचा अर्थ किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको. आपल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही २२४ रुग्णांचा एक अभ्यास झाला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग जोराचा असेल तर प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातील लसिका ग्रंथींनाही किरणे दिल्यास पाच वर्षांत रक्ताच्या तपासणीवर रोग परतण्याचे प्रमाण बरेच कमी राहते, असे त्यात आढळले. मामांना याच पद्धतीने पंचवीस वेळा लाईट दिली. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच आठवडे मी आणि मामेभाऊ आलटून पालटून त्यांच्याबरोबर जात होतो. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णालाही बसता येते, हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळले. तोवर म्हातारा माणूस सकाळच्या गर्दीत उभा राहून गेला.

आता मुद्द्याचे. किरणे प्रोस्टेटवर नेमकी रोखतात हे खरे, आणि नवी मशीन त्यात फारच वाकबगार आहेत. पण प्रोस्टेट काही हवेत लटकलेली नाही. तिच्या पुढे जांघांच्या मधले हाड आहे, मागे गुदाशय आणि त्यामागे माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड, दोन्ही बाजूंना खुब्याचे सांधे, मधून पायांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या. ग्रंथींनाही लाईट द्यायची म्हटली की तिचे क्षेत्र आणखी मोठे होते. या सगळ्यांच्या वाट्याला थोडीफार किरणे येतातच. लाईट चालू असताना लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे, पातळ शौच, थकवा हे होते आणि काही आठवड्यांत ते बहुधा ओसरते. उशिरा येणारा त्रास मात्र काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी डोके वर काढतो. किरणांनी हाडातील बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाची रोजची डागडुजी मंदावते. बारीक मार तर आपल्या हाडांना रोजच बसत असतो. निरोगी हाड तो बुजवत राहते. लाईट घेतलेल्या हाडाला ते जमत नाही.

त्यात ते इंजेक्शन. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे अमेरिकेतील डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले आणि त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इंजेक्शनने हे हार्मोन बंद होते. काहींची वृषणे ऑपरेशनने काढतात. ते एकदाच करायचे आणि स्वस्तात होते, पण परिणाम कायमचा. हार्मोन गेले की रोगाची उपासमार होते हे चांगलेच, पण पुरुषाच्या हाडांनाही तेच हार्मोन लागते. पाळी गेल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होतात तसेच पुरुषांचे होते, स्नायूही सैल पडतात. बायकांच्या हाडांबद्दल आता मासिकातून, टीव्हीवर बोलले जाते. पुरुषाची हाडेही ठिसूळ होतात, हे आमच्या घरात तरी कोणाला ठाऊक नव्हते.

रिपोर्ट वाचून घाबरलो ते

गच्चीवरच्या बोलण्यात कळले की मामांनी चार महिने घरच्या घरी काय काय केले. गल्लीतल्या एका डॉक्टरला "कंबर दुखते" एवढेच सांगितले. लाईट घेतल्याचे सांगितले नाही, जांघेचे सांगितले नाही. त्यांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही, आणि "वय झालं काका" म्हणून गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर मामा दुकानातून त्याच गोळ्या घेत राहिले, रोज दोन. एका मालिशवाल्याकडून कंबर रगडून घेतली. त्या रात्री तर उठता येईना. गरम पाण्याची पिशवीही चालू होती. लाईट घेतलेल्या जागेची कातडी नाजूक असते, तिथे भाजले तर लवकर भरत नाही.

आम्ही त्यांना परत कॅन्सरच्या रुग्णालयात नेले. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. म्हणजे दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला तडाखा दिला होता. गोळ्या बंद केल्यावर ते हळूहळू खाली आले. मग जानेवारी २०२५ मध्ये हाडांचा स्कॅन झाला. रिपोर्टचा लिफाफा मी जिन्यातच फोडला. इंग्रजीत लिहिले होते की कमरेखालच्या हाडात क्रिया वाढलेली आहे, रोग हाडात पसरल्याची शक्यता नाकारता येत नाही. बी.कॉम.च्या इंग्रजीला एवढे पुरते. मी तो लिफाफा बॅगेत ठेवला आणि दोन दिवस घरात कोणाला काही बोललो नाही. मामीने विचारले तर रिपोर्ट आला नाही म्हणून खोटे सांगितले. मामांनी लपवले म्हणून मी त्यांच्यावर चिडलो होतो, आणि मीही तेच केले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंसमोर बसलो. वयाने लहान, मामांना नको असलेली "पोरगी"च. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी स्कॅनचे चित्र पाहिले. मग मामांना विचारले, "काका, झोपल्यावर बरं वाटतं की जास्त दुखतं?" मामा म्हणाले, "गप पडलं की बरं. कूस वळली की कळ. उठून चार पावलं टाकली की जीव जातो." बाई म्हणाल्या, "जांघेतही ना?" मामांनी मान हलवली. इतक्या सहज त्यांनी विचारले की लाजायला वेळच मिळाला नाही.

चित्रात त्या त्रिकोणी हाडाच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये आडवी अशी चमक होती, इंग्रजी एच अक्षरासारखी. रोग पसरतो तेव्हा तो बहुधा असा दोन्हीकडे सारखा, अक्षर काढल्यासारखा बसत नाही. शिवाय पीएसए ०.०५ होते, म्हणजे जवळपास नाहीच. बाईंनी एमआरआय करायला सांगितले. त्यात स्पष्ट झाले की त्रिकोणी हाडाला दोन्ही बाजूंनी आणि जांघेजवळच्या हाडाला एका बाजूने चिरा गेल्या आहेत. कॅन्सर नव्हता.

"पण मी पडलो नाही कधी!" मामा म्हणाले. पडायची गरज नसते. आतून विरळ झालेल्या हाडाला अंगाचे रोजचे वजनच पेलत नाही आणि चालता-उठताना चीर पडते. साध्या एक्स-रेत ती पुष्कळदा दिसत नाही. हाडांच्या स्कॅनमध्ये दिसते, पण तिथे ती रोग पसरल्यासारखी भासते. म्हणून लाईट घेतल्याचे आणि कोणत्या भागाला घेतली ते तपासणाऱ्या प्रत्येकाला सांगणे जरुरीचे असते. आमच्या स्कॅनच्या फॉर्मवर ते कोणी लिहिले नव्हते. मीही नाही.

उपचार साधेच निघाले. सहा आठवडे वॉकर घेऊन थोडेथोडेच चालणे, जड उचलायचे नाही, पण अंथरुणावर पडून राहायचेही नाही, कारण त्याने पायात रक्ताची गुठळी होते आणि उरलेसुरले स्नायूही जातात. पॅरासिटामॉल आणि सुरुवातीला काही आठवडे त्याहून जोराची गोळी. ड जीवनसत्त्व फार कमी होते, ते भरून काढले, कॅल्शियम सुरू केले. हाड घट्ट करणारे एक औषध सलाइनमधून दिले, पण त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवून दोन किडके दात काढायला लावले. या औषधानंतर दात काढला तर जबड्याचे हाड चिघळू शकते, म्हणून हा क्रम. क्रिएटिनिन उतरण्याचीही वाट पाहिली. एप्रिल-मेपर्यंत कळ निम्म्यावर आली. पूर्ण भरायला बरेच महिने लागतात, हे बाईंनी आधीच सांगितले होते.

सगळ्यांचे असेच निघेल असे नाही

हे वाचून कोणी "मामांसारखंच असेल, होईल बरं" म्हणून घरी बसू नये. आमच्या पलीकडच्या इमारतीत एक आजोबा होते, आता कालकथित आहेत. २०१९ ची गोष्ट. त्यांचेही प्रोस्टेटचेच दुखणे. पाठीत दुखे, रात्री झोपले की वाढे. मग पाय जड वाटू लागले, चप्पल पायातून निसटे तरी कळत नसे. घरच्यांना वाटले अशक्तपणा आहे. लघवी तुंबली तेव्हा नेले, त्याला पाच दिवस लोटले होते. मणक्यात पसरलेली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. उपचार झाले, पण पाय परत आले नाहीत. अशा वेळी माणूस चालत रुग्णालयात पोचला तर चालत राहण्याची आशा मोठी असते, पाय गेल्यावर पोचला तर फार थोडी. तेव्हा दोन्ही पायांची शक्ती कमी होणे, जांघा आणि बैठकीची जागा बधिर होणे, लघवी-शौचाचा ताबा जाणे यांपैकी काही दिसले, तर सकाळ उजाडायची वाट पाहायची नाही. रात्रीच रिक्षा करायची.

दुसरी तातडीची गोष्ट म्हणजे एकच पाय सुजणे. पोटरी किंवा मांडी दुखते, गरम लागते, कातडी ताणल्यासारखी दिसते. कॅन्सरच्या रुग्णाला शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर दम लागतो आणि जीवही जातो. डॉप्लर नावाच्या साध्या सोनोग्राफीत ती कळते आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाने आवरते. असा पाय चोळायचा मुळीच नाही. याउलट सूज महिनोन्‌महिने हळूहळू आली असेल, पाय जड पण फारसा दुखरा नसेल, तर लसिका ग्रंथींना लाईट दिल्याने पायातले पाणी वर चढत नसेल. त्याला दाबाचे मोजे, पट्ट्या आणि शिकलेल्या माणसाकडून व्यायाम हा उपाय आहे. पायाला जखम होऊ न देणे हेही.

खुब्याच्या सांध्याचे दुखणे नेमके जांघेतच जाणवते, हे मला नव्याने कळले. मांडी घालून बसता येत नाही, पाय आत वळवला की कळ येते. सांधा झिजलेला असू शकतो, किंवा मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा लाईटने कमी होऊन तो खचू लागलेला असू शकतो. आणि साधा हर्नियाही असू शकतो, खोकल्यावर जांघेत फुगवटा येतो तो. म्हातारपणी सायटिकाही असतोच. कॅन्सर झाला म्हणून माणसाला इतर दुखणी व्हायची थांबत नाहीत. नसांना लाईट लागली तर त्रास बहुधा काही वर्षांनी येतो. त्यात दुखण्यापेक्षा मुंग्या, बधिरपणा, पाय लटका पडणे जास्त. रात्री आग आग होत असेल तर नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांचा फार उपयोग होत नाही. नसांच्या दुखण्याची औषधे वेगळी असतात, ती मागून घ्यावीत.

आणि समजा रोग खरोखरच हाडात आला, तरी दुखणे सोसत बसण्याचे कारण नाही. दुखऱ्या हाडाला एखाद-दुसऱ्या वेळी लाईट दिली तरी पुष्कळांची कळ कमी होते. मॉर्फिनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या मिळतात. त्या मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. "मॉर्फिन म्हणजे शेवट" ही आपल्या घरातली समजूत किती लोकांना तळमळत ठेवते! डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेऊन माणसे हिंडती-फिरती राहतात.

आता पैशाचे, कारण मामांच्या गप्प बसण्यात अर्धा वाटा त्याचा होता. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्याचे आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत करण्याचे ठरले. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, दाखल होण्याआधी त्यालाच गाठावे. मामांची लाईट योजनेतून झाली. स्कॅन आणि एमआरआयचे पैसे मात्र आम्हाला भरावे लागले, हेही सांगून टाकतो. धर्मादाय रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवावा. दाखल व्हायच्या दिवशी तो मिळत नाही, हा कारकुनाचा अनुभव आहे. गावाहून मुंबईला येणाऱ्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत असते, सोबत्याला पंचाहत्तर टक्के. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. टाटाला येणाऱ्यांच्या राहण्याची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत होते.

डॉक्टरांसमोर गेल्यावर सांगायचे काय, हे आम्ही आता एका वहीत लिहून नेतो. कधीपासून दुखते, कुठून कुठे उतरते, झोपल्यावर कमी होते की जास्त, चालल्यावर काय होते, पाय सुजला का, बधिर झाला का, लघवी कशी आहे, कोणत्या गोळ्या किती. वहीत लिहिलेले असले की तोंडाने जांघ म्हणावे लागत नाही, हा मामांनी शोधलेला फायदा. वही मामीच्या ताब्यात असते. लाईटचा कागद, म्हणजे किती वेळा, कोणत्या भागाला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, त्याची झेरॉक्स तिने वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली आहे.

मामा सध्या काठी घेऊन रेशन दुकानापर्यंत जाऊन येतात. काठी घ्यायला तयार नव्हते, नातीने रंग देऊन निळी केली तेव्हा घेतली. वंदनेला खुर्चीवर बसतात. पीएसएची तपासणी दर सहा महिन्यांनी असते. मागच्या खेपेला मी रजा मिळवू शकलो नाही, तर सूनच त्यांच्याबरोबर गेली. आत डॉक्टरांनी विचारले तेव्हा वही तिनेच वाचून दाखवली.